मादी नको, साहेब!

गेल्या पावसाळ्यात, पोळ्याच्या दोन दिवस आधी, आमच्या जिन्याखाली एक कुत्री व्याली. ती आमची नव्हती. तशी ती कोणाचीच नव्हती. गल्लीतल्या चार घरांत तिला भाकरी मिळायची आणि पाचव्या घरातून काठी. पाच पिलं झाली. सौ.ने जुनी चादर अंथरली, वाटीत दूध-भाकरी कुस्करून आईपुढे सरकवली आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "अहो, तुम्ही जन्मभर लोकांना कर्जं वाटलीत. आता ही पाच पिलं वाटून दाखवा."

मला वाटलं, त्यात काय अवघड? बँकेत होतो तेव्हा एका दिवसात तीस-तीस अर्ज निकाली काढलेले. पिलं दोन महिन्यांची झाली तसा मी यादी करून बाहेर पडलो. वसमत रस्त्यावरच्या एका चहावाल्याने पहिलं पिलू बघताक्षणी उचललं. दुसरं मानवतकडच्या एका शेतकऱ्याने नेलं. रानडुकरांनी हैराण झालेला माणूस, आखाड्यावर राखणीला कुत्रा हवाच होता. दोन्ही नर. एका दुपारीत दोन प्रकरणं मंजूर. मी खुशीत घरी आलो.

उरल्या तीन माद्या.

त्यानंतरच्या तीन आठवड्यांत मी किती दारं फिरलो ते आता सांगत नाही. प्रत्येक ठिकाणी आधी पिलाला हातात घेत, कान कुरवाळत, मग उलटं करून बघत, आणि मग तेच वाक्य यायचं. "मादी हाय का? मग नको, साहेब." कारणं खरीच होती. दर सहा महिन्यांना पिलं कोण सांभाळणार? माजावर आली की सगळ्या मोहल्ल्याचे कुत्रे दारात. एका ओळखीच्या गृहस्थाने तर हसत सांगितलं, "आमच्याकडं दोन मुलीच हायत, आता तिसरी कुठं घेता!" त्याची थोरली मुलगी दारात उभी होती. मला हसता आलं नाही.

हसू न येण्याला आणखी एक कारण होतं. १९८७ साली मी याच जिल्ह्यातल्या एका खेड्यातल्या शाखेत अधिकारी होतो. एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमाचे ते दिवस. म्हशींची कर्जं, शेळ्यांची कर्जं. शाखेच्या मागच्या पडवीत एक कुत्री व्याली होती आणि ग्राहकांच्या पायात पिलं यायची. मी शिपायाला सांगितलं, "काहीतरी सोय कर." त्याने विचारलं, "सगळ्यांची का, साहेब?" मी म्हटलं, "नर कोणी नेतील, बाकीची बघ." संध्याकाळी तो सायकलला पोतं बांधून निघाला. नदीपलीकडच्या गावात सोडून आलो म्हणाला. सोडली की काय केलं, मी विचारलं नाही. ती कुत्री चार दिवस पडवीत हुंगत फिरत होती. पुढे मी तीन कादंबऱ्या लिहिल्या. त्यांत दुष्काळ आला, सावकार आला, भावकीतले खून आले. ते पोतं मात्र कुठे आलं नाही.

आणि गंमत बघा, त्याच शाखेत म्हशीचा केवढा थाट होता! कर्जातून घेतलेल्या प्रत्येक म्हशीच्या कानात विम्याचा बिल्ला. बिल्ल्याचा नंबर रजिस्टरात. म्हैस मेली तर पंचनामा, पशुवैद्याचा दाखला, आणि बिल्ल्यासकट कापून आणलेला कान टेबलावर. कर्जदार कोण, जामीनदार कोण, सगळं कागदावर. कुत्र्याचं खातंच नव्हतं. तो गावाचा होता. गावाचा असणं म्हणजे काय, हे आपण कधी नीट तपासलं नाही.

आपल्याकडे कुत्र्यामांजरांबद्दल माया नाही असं मी म्हणणार नाही. मराठवाड्यातल्या घराघरांत शेवटच्या उरलेल्या पिठाची छोटी भाकरी कुत्र्याच्या नावाने थापली जायची. नामदेवांची गोष्ट तर आपल्या अंगणातली. नर्सी आज हिंगोली जिल्ह्यात आहे, पण १९९९ पर्यंत ते आपल्याच परभणी जिल्ह्यात होतं. कुत्रा पोळ्या घेऊन पळाला आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, कोरडी खाऊ नकोस म्हणत. लहानपणी आजी ही गोष्ट सांगायची तेव्हा डोळ्यांत पाणी यायचं. आता वय झाल्यावर वेगळंच मनात येतं. गोष्ट तिथेच संपते. दुसऱ्या दिवशी त्या कुत्र्याला जेवायला कोणी घातलं, तो आजारी पडला तेव्हा कोण धावलं, हे कथेत नाही. कथेतला कुत्रा देव होता, त्याचं भागलं. आमच्या जिन्याखालची देव नव्हती.

कुत्री वर्षातून साधारण दोनदा माजावर येते. साठ-पासष्ट दिवसांत विते. एका वेळी चार-सहा पिलं. त्यांतली बरीचशी वर्ष पुरं व्हायच्या आत मरतात, गाडीखाली, उपासमारीने किंवा पार्व्होने. पार्व्हो म्हणजे उलट्या आणि रक्ताची हगवण. दोन-तीन दिवसांत उड्या मारणारं पिलू चिंधी होऊन पडतं. तरीही ज्या माद्या जगतात त्या वर्षाच्या आत स्वतः आया होतात. चक्रवाढ व्याज ज्यांनी मांडलंय त्यांना पुढचं सांगायला नको. नर पिलं घरी नेली जातात आणि माद्या रस्त्यावर राहतात, म्हणजे आपण नेमकं मुद्दल रस्त्यावर ठेवतो आणि मग व्याज वाढलं म्हणून महापालिकेच्या नावाने बोटं मोडतो.

२०२१ च्या डिसेंबरात शेजारच्या बीड जिल्ह्यातल्या लवूळ गावची बातमी देशाबाहेरही गेली होती, आठवते का? माजलगाव तालुक्यातलं गाव. वानरं कुत्र्याची पिलं उचलून झाडांवर, घरांच्या छतांवर नेत होती. अडीचशे पिलं मेली असं छापून आलं. शेवटी वनखात्याने दोन वानरं पकडून नेली. अडीचशे हा आकडा कोणी मोजला, हा माझा बँकवाला प्रश्न. पण तो सोडा. वानरांनी सूड घेतला की नाही यावर महिनाभर चर्चा झाली. एवढ्याशा गावात इतकी पिलं मुळात आली कुठून, हे विचारताना मी कोणाला पाहिलं नाही.

कुत्र्यांचा प्रश्न आजचा नाही. १८३२ साली मुंबईत कंपनी सरकारने मोकाट कुत्रे मारायला माणसं लावली, कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस. बक्षिसाच्या लोभाने लोकांच्या दारातले कुत्रेही उचलले जाऊ लागले तेव्हा पारशी मंडळी रस्त्यावर उतरली, बाजार बंद पडला, दंगल झाली. दोनच वर्षांनी, १८३४ मध्ये, सर जमशेटजी जीजीभाई आणि मोतीचंद अमीचंद यांच्या पुढाकाराने मुंबईत पांजरपोळ उभी राहिली. पांजरपोळ म्हटलं की आज आपल्या डोळ्यांपुढे गाई येतात, पण ती सुरू व्हायला कुत्र्यांच्या कत्तलीचं निमित्त होतं. मारण्याने संख्या घटत नाही हे कळायला पुढे सव्वाशे-दीडशे वर्षं गेली. मद्रासच्या ब्लू क्रॉस संस्थेने १९६४ पासून कुत्र्यांची शस्त्रक्रिया करून त्यांना परत त्यांच्या जागी सोडायला सुरुवात केली. त्या शहराच्या महापालिकेने ही पद्धत स्वीकारली १९९६ मध्ये. देशासाठी नियम झाले २००१ साली, आणि २०२३ मध्ये ते नव्याने आले. काम महापालिका-नगरपालिकांचं, मान्यताप्राप्त संस्थेला हाताशी धरून करायचं. पकडा, शस्त्रक्रिया करा, रेबीजची लस टोचा, कानाला खाच पाडा, आणि जिथून आणलं तिथेच सोडा. कानाची खाच म्हटलं की मला म्हशीचा बिल्ला आठवतो. कुत्र्याचंही खातं उघडलं म्हणायचं.

मग २०२५ आलं. सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्टला दिल्ली परिसरातले सगळे भटके कुत्रे उचलून निवाऱ्यात ठेवायला सांगितलं. देशभर गदारोळ झाला. २२ ऑगस्टला तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो आदेश बदलला. पिसाळलेले आणि हिंस्र कुत्रे सोडून बाकीचे शस्त्रक्रिया, लस करून परत सोडावेत असं ठरलं. पुढे ७ नोव्हेंबरच्या आदेशात शाळा, रुग्णालयं, बसस्थानकं, रेल्वेस्थानकं, क्रीडासंकुलं इथले कुत्रे हलवून निवाऱ्यात ठेवावेत, पुन्हा तिथे सोडू नयेत, असं आलं.

ही बातमी मी वाचली तेव्हा आमच्या तीन माद्या अजून जिन्याखालीच होत्या. निवारा! शब्द किती छान. पण मी पेन्सिल घेऊन बसलो. शंभर कुत्रे धरा. एकाला खाणं-औषध मिळून दिवसाला पन्नास रुपये, हा माझा अंदाज, आणि तो कमीच आहे. वर्षाला अठरा लाख पंचवीस हजार. जागा, पत्रे, पाणी, माणसांचे पगार वेगळे. कुत्रा दहा-बारा वर्षं जगतो. म्हणजे पहिल्या वर्षी फीत कापून झाल्यावर हा खर्च पुढची दहा वर्षं न चुकता करायचा. परभणीत महानगरपालिका २०११ साली झाली. तिचे रस्ते आणि पाणी यांवर मी इथे काही लिहीत नाही. मला भीती एवढीच आहे की, निवाऱ्याच्या नावाने कुठेतरी गावाबाहेर चार भिंती उभ्या राहतील, आत कुत्रे कोंबले जातील, आणि ते माझंच १९८७ चं पोतं असेल, फक्त आकाराने मोठं.

निवारा हवाच. पण तो मला दवाखान्याच्या वॉर्डासारखा दिसतो. शस्त्रक्रियेनंतर चार-पाच दिवस राहायचं, पाय मोडला तर महिनाभर, पिलू असेल तर घर मिळेपर्यंत. आत येण्याचं दार असतं तसं बाहेर जाण्याचंही हवं. पुण्यात २००७ पासून काम करणाऱ्या रेस्क्यू संस्थेसारख्या ठिकाणी जखमी जनावर उचलण्यापासून बरं झाल्यावर घर शोधण्यापर्यंत सगळी साखळी असते. आपल्याकडे निदान पहिली कडी तरी आहे. परभणीत १९७२ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. लाल कंधारी आणि देवणीच्या देशात ते गाईगुरांसाठी निघालं हे खरंच. पण टाके घालायला शिकणारे हात जिथे दरवर्षी तयार होतात, असं गाव आपलं आहे. कित्येक जिल्ह्यांना ते नशीब नाही. महापालिकेने पैसा द्यावा, महाविद्यालयाने हात द्यावेत, यावर बसून बोलायला हरकत काय आहे?

आणि बाहेरच्या दाराचं काम आठ-दहा पोरं करताहेत. संस्था नाही, फलक नाही. एक जण मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात, एक मुलगी शिकवण्या घेते, दोघं-तिघं कॉलेजात. माझी भटकंती बघून त्यांतल्या एकाने मला गाठलं. "काका, असं दारोदार फिरून नाही जमत," तो म्हणाला. त्यांची पद्धत मी पाहिली आणि थक्क झालो. पिलू देण्याआधी हे घर बघायला जातात. घरातले सगळे राजी आहेत का, भाड्याचं घर असेल तर मालकाला चालतं का, गच्चीवर बांधून ठेवणार की घरात, लग्नाला चार दिवस गावी गेले तर खाऊ कोण घालणार. मादी असेल तर सहा-सात महिन्यांनी शस्त्रक्रियेची तारीख लिहून घेतात आणि त्या दिवशी स्वतः घेऊन जातात. आठवड्याने फोन, महिन्याने भेट. अर्ज, तपासणी, जामीन आणि वसुली! मी चाळीस वर्षं हेच केलं होतं. फक्त माझ्याकडे म्हैस होती.

मांजरांचा कारभार त्यांनी वेगळा ठेवलाय. मांजर पिलांना सात घरं फिरवते म्हणतात, त्यामुळे एकटं पिलू दिसलं की उचलू नका, आई चौथ्या घरी गेली असेल, असं ती मुलगी सांगते. गाईचं दूधही पाजू नका, पिलाला हगवण लागते. मोंढ्यातल्या भुसार दुकानांत त्यांनी शस्त्रक्रिया केलेली मांजरं दिलीत. उंदरांच्या भीतीने शेठजींनी अर्जाआधीच मंजुरी दिली म्हणे. एका वेल्डिंगवाल्या चाचांनी काळी मांजर मागून घेतली. काळी कोणी घेत नव्हतं. "साब, हमकू तो कालीच होना," म्हणाले.

आपण "जगात जर्मनी, भारतात परभणी" असं छाती फुगवून म्हणतो. माझ्या एका जुन्या सहकाऱ्याची मुलगी बर्लिनला असते. तिला विचारलं, तिकडे कसं? तिथे कुत्र्यावर कर आहे. पहिल्या कुत्र्याला वर्षाला १२० युरो. निवाऱ्यातून कुत्रा घेतला तर काही वर्षं तो माफ. प्रत्येक कुत्र्यापुढे कोणाचं तरी नाव असतं. आपल्याकडे कर लावला तर काय होईल हे मी जाणतो. दुसऱ्या दिवशी सगळेच कुत्रे गावाचे होतील. पण नाव लिहिणं तरी सुरू व्हावं. हल्ली परभणीत हस्की दिसतो. बर्फातलं जनावर, मे महिन्यात पारा चव्वेचाळीसला गेला की कूलरपुढे धापा टाकत पडतं. त्याला तीस हजार मोजणारे गृहस्थ आमच्या गावरान मादीला फुकटही नको म्हणाले.

इथवर लिहून मी हे शेजारी वाचून दाखवलं असतं तर एक बाई उठून गेल्या असत्या. त्यांच्या सात वर्षांच्या मुलाच्या पोटरीचा लचका कुत्र्याने तोडला होता. त्या मला तोंडावर म्हणाल्या, "काका, तुमची माया तुमच्या घरात ठेवा. माझं लेकरू दोन महिने झाले एकटं शाळेत जात नाही." मी काही बोललो नाही. बोलण्यासारखं नव्हतंच. २०२४ मध्ये देशात कुत्रा चावल्याच्या ३७ लाखांवर घटना नोंदल्या गेल्या. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस वाचत नाही. बेंबीभोवतीची ती चौदा इंजेक्शनं आता गेली, दंडावर चार-पाच लागतात आणि सरकारी दवाखान्यात लस मिळते. तरीही आपल्याकडे जखमेत हळद-चुना भरतात, तिखट भरतात. आधी साबण आणि वाहतं पाणी, पंधरा मिनिटं, मग थेट दवाखाना. जखम खोल असेल तर लशीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही द्यावं लागतं. गोव्याने कुत्र्यांना वर्षानुवर्षं लशी टोचल्या, त्यांतल्या सत्तर टक्क्यांना दरवर्षी लस मिळेल असं बघितलं, आणि २०२१ मध्ये ते राज्य रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झालं. कुत्र्यांना रोज खाऊ घालणारेच त्यांना पकडून टोचू शकतात. त्या बाईंचं आणि खाऊ घालणाऱ्यांचं भांडण आहे खरं, पण सुई दोघांना एकच हवी आहे. आणि खाऊ घालणाऱ्यांनी तो मुलांच्या वाटेवर, शाळेच्या फाटकापाशी घालू नये. मीही रस्त्यावर वाटी ठेवायचो. आता मागच्या बोळात ठेवतो.

आमच्या जिन्याखालच्या आईची शस्त्रक्रिया त्या पोरांनी डिसेंबरात करवून आणली. कानाला खाच घेऊन ती परत गल्लीत आली आणि पाचव्या घरावर पूर्वीसारखीच भुंकू लागली.

तीन माद्यांपैकी सर्वांत लहान पार्व्होने गेली. लस द्यायला मी एक आठवडा उशीर केला, घर मिळालं की तेच लोक देतील म्हणून. दुसरी आमच्याकडे राहिली. तिच्या लसीच्या कार्डावर "मालकाचे नाव" असा रकाना आहे. सौ.ने माझं नाव पूर्ण लिहिलं, वडिलांच्या नावासकट, आणि कार्ड माझ्यापुढे सरकवलं. मी सही केली.

तिसरी त्या शिकवण्या घेणाऱ्या मुलीच्या गच्चीवर आहे. काळी, शेपटाचं टोक पांढरं, भित्री आहे पण चावरी नाही. लसी झाल्यात, शस्त्रक्रिया झाली. कोणाला हवी असेल तर सांगा. घर बघायला मी स्वतः येईन.